पहिली उमेदवारी आणि पहिली मुलाखत

'उमेदवार' हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ आशा धरणारा. जुन्या कचेऱ्यांतून पुढेमागे जागा मिळेल या आशेवर काही महिने बिनपगारी लेखणी चालविणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. पुढे निवडणुकीच्या धामधुमीत राजकारणी मंडळींनी हा शब्द उचलून नेला, आणि आजचा विद्यार्थी त्याच गोष्टीला 'इंटर्नशिप' म्हणू लागला. नाव बदलले तरी वस्तू तीच आहे. फरक असलाच तर एवढाच, की पूर्वीचा उमेदवार मामाच्या किंवा गावच्या कुलकर्ण्याच्या शब्दावर कचेरीत जाऊन बसे. आजच्या उमेदवाराला मुलाखतीच्या दारातून आत जावे लागते. आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलाला हे दार फार उंच दिसते.

हा प्रश्न आता थोड्या घरांपुरता उरलेला नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने कारखान्यांतील कारागिरांची सोय पाहिली होती. तंत्रनिकेतनांच्या पदविकेत औद्योगिक प्रशिक्षण आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या सामान्य विद्यार्थ्यालाही प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेण्यास सांगितले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली युवकांसाठी कार्यप्रशिक्षणाची योजना जाहीर केली, तेव्हा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाकरिता बारावी उत्तीर्णास दरमहा ६००० रुपये, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निघालेल्यास वा पदविकाधारकास ८००० आणि पदवीधरास १०००० रुपये विद्यावेतन ठरविले होते. तात्पर्य, कला शाखेच्या विद्यार्थिनीपासून जोडारीकाम शिकणाऱ्या मुलापर्यंत प्रत्येकाला केव्हा तरी एका टेबलासमोर बसून 'तुम्हाला काय येते?' या प्रश्नाला उत्तर द्यावे लागणार आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. आंबेगावात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व तंत्रनिकेतन आहे. जुन्नरमध्ये कुरण व बेल्हे या बाजूंना अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. दोन्ही तालुक्यांत सहकारी साखर कारखाने आहेत, मंचरला दुधाचे मोठे उद्योग आहेत, नारायणगावला टोमॅटोचा नामांकित बाजार आहे, आणि खोडदच्या माळावर जगातील शास्त्रज्ञ ज्यासाठी वाट वाकडी करून येतात ती महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. असे असूनही येथला विद्यार्थी पुण्याला मुलाखतीस निघतो तेव्हा हे सारे गाव-शिवार घरी ठेवून निघतो. कोणा मित्राकडून मिळालेले इंग्रजी आत्मनिवेदन तो पाठ करतो. आपण कष्टाळू आहोत, संघवृत्तीने काम करतो, आव्हाने आपल्याला आवडतात, अशी वाक्ये त्यात असतात. त्याच्या आधीचे चार आणि नंतरचे चार उमेदवार तीच वाक्ये म्हणून जातात. परीक्षकाने मध्येच साधा प्रश्न केला की पाठांतराचा धागा तुटतो, आणि पुढली पाच मिनिटे तो धागा शोधण्यात जातात. मुलगा घरी येऊन सांगतो, 'इंग्रजीमुळे गेले.' वस्तुतः इंग्रजीमुळे थोडे गेलेले असते. बहुतेक गेलेले असते ते स्वतःच्या हाताने केलेले एकही काम बोलण्यात न आल्यामुळे.

उत्तम मुलाखत कशी असते हे पाहावयाचे असेल तर पुण्याच्या उंच इमारतींत जाण्याचे कारण नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले आपापली उपकरणे घेऊन येतात, आणि लोकांची रीघ लागते. आठवीतील एखादी मुलगी आपल्या ठिबक सिंचनाच्या नमुन्याजवळ उभी असते. तिला एक शेतकरी विचारतो, 'नळीत गाळ साचला तर?' एक शिक्षक विचारतात, 'दाब किती लागतो?' एखादे लहान मूल विचारते, 'हे पाणी कुठून येते?' तिघांना ती तीन तऱ्हांनी उत्तर देते. अडली तर नळी काढून दाखविते. तिला भीती वाटत नाही, कारण पुढ्यातील वस्तू तिने बांधलेली असते आणि ती कोठे बिघडते हे तिला ठाऊक असते. पाच-सहा वर्षांनी हीच मुलगी मुलाखतीच्या खुर्चीवर अवघडून बसते, तेव्हा तिच्यापुढून फक्त तो नमुना नाहीसा झालेला असतो. मुलाखतीची तयारी म्हणजे तो नमुना पुन्हा टेबलावर आणून ठेवणे होय.

खोडदच्याच दुर्बिणीचे उदाहरण घेऊ. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ, आणि बाकीच्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. आसपासच्या वस्त्यांतील मुले लहानपणापासून त्या पाहतात. त्यांतील एखादा मुलगा पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकतो आणि आपला पत्ता सांगतो. परीक्षक सहज विचारतात, 'त्या तबकड्या पत्र्याच्या नसून जाळीच्या का?' मुलगा गप्प राहिला तर त्याचे गुणपत्रक फारसे कामी येत नाही. परंतु, 'जाळीची भोके सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांची आहेत. येणारे तरंग त्याहून पुष्कळ लांब असल्यामुळे त्यांना ती जाळी भिंतीसारखी वाटते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला,' एवढे तो धड मराठीत बोलला तरी पुढचा अर्धा तास त्याचा आहे.

ही दुर्बीण ज्यांच्या कल्पनेतून उभी राहिली त्या डॉ. गोविंद स्वरूप यांची उमेदवारीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५३ साली, चोविशीच्या सुमारास, ते सिडनीच्या प्रयोगशाळेत शिकण्यास गेले. तेथील प्रमुख डॉ. पॉझी यांनी त्यांना व त्यांचे सोबती पार्थसारथी यांना एका कोपऱ्यात बसवून ठेवले नाही; चार निरनिराळ्या संशोधकांच्या हाताखाली तीन-तीन महिने काम दिले आणि त्यानंतर स्वतःचे काम निवडू दिले. पुढे त्या दोघांनी ज्या ३२ लहान तबकड्यांवर प्रयोग केला, त्याच भारताला मिळाल्या आणि १९६५ साली कल्याणजवळ त्यांची दुर्बीण उभारली गेली. उटीची दुर्बीण त्यानंतरची, आणि खोडदची त्याहून पुढची. उमेदवारीत माणूस ज्या वस्तूला हात लावतो ती कोठवर जाईल, याचा हिशेब त्या वेळी कोणालाच करता येत नाही. म्हणून मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हास काही विचारावयाचे आहे काय?' असे परीक्षकांनी म्हटले, तर 'येथे कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या कामावर शिकावयास मिळेल?' हा प्रश्न अगदी योग्य होय.

आता नारायणगावच्या बाजाराकडे वळावे. एखाद्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात टोमॅटोच्या भावांचा अभ्यास करून संगणकावर आलेख काढला आहे, आणि ते काम अर्जात लिहिले आहे. लिहिले ते चांगलेच केले. पण अर्जातील प्रत्येक ओळ ही परीक्षकाच्या हाती दिलेली किल्ली असते. तो विचारणार: आकडे कोठून आणले? भाव किलोचा की क्रेटचा? क्रेट किती किलोचे? २०२३ च्या जुलैत २० किलोच्या क्रेटला दोन हजारांपर्यंत भाव गेला, आणि पुढे थोड्याच आठवड्यांत तो कोसळला; तुमच्या आलेखात तो सुळका दिसतो काय, आणि त्याचे कारण काय? ज्याने आकडे नुसते उतरून घेतले तो येथे थांबतो. ज्याचा चुलता बाजारात माल घेऊन जातो, त्याला हे ठाऊक असते की एकाच सकाळी एकाच आवारात पहिल्या प्रतीचा माल आणि फुटका माल यांच्या भावांत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि 'आजचा भाव' म्हणून छापला जाणारा आकडा हे अंतर झाकून टाकतो. हे वाक्य पुस्तकात सापडत नाही. पण ते बोलण्याची मुलाला लाज वाटते. बाजारातील गोष्ट कचेरीत कशी सांगावी, असे त्याला वाटते. ही लाज काढून टाकणे हे घरच्यांचे काम आहे, आणि ते मुलाखतीच्या आदल्या रात्री होत नाही.

तीच गोष्ट पश्चिमेकडील डोंगराळ भागाची. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आणि जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करतात. कोवळे, आठी न धरलेले फळ वाळवून होतो तो बाळहिरडा. त्याला मोठ्या हिरड्यापेक्षा भाव अधिक. या घरातील एखादी मुलगी रसायनशास्त्र घेऊन पदवीला बसलेली असते व औषधांच्या कारखान्यात उमेदवारी मागते. हिरड्यात टॅनिन असते हे तिने पुस्तकात वाचलेले आहे. फळ एक आठवडा उशिरा उतरविले तर काय बिघडते हे तिने आजीकडून ऐकलेले आहे. या दोन गोष्टींची गाठ घालून तिने तीन-चार वाक्ये स्वतःच्या शब्दांत बोलून पाहावीत, आणि तीही घरातल्या अशा माणसापुढे, ज्याला रसायनशास्त्र मुळीच येत नाही. आजीला समजले तर परीक्षकालाही समजेल.

'माहीत नाही' म्हणण्यासही थोडी तयारी लागते. नुसते 'माहीत नाही' म्हणून मान खाली घातली तर संभाषण संपते. थाप मारली तर विश्वास संपतो. 'हे मला येत नाही. परंतु शोधावयाचे झाल्यास मी अमुक ठिकाणापासून आरंभ करीन,' हे उत्तर कोणत्याही भाषेत चालते. भाषेविषयी मात्र एक खबरदारी घ्यावी. परीक्षकांनी इंग्रजीत आरंभ केला तर चार साधी, लहान वाक्ये इंग्रजीत बोलावीत, आणि खोल प्रश्न आल्यास मराठीत सांगण्याची मोकळेपणाने अनुज्ञा मागावी. ती बहुधा मिळते.

बाकीच्या गोष्टी लहान, पण त्यांवाचून अडते. पुणे–नाशिक रस्त्यावर चाकणच्या आसपास वाहनांची जी कोंडी होते, ती कोणाची मुलाखत पाहून सुटत नाही. तेव्हा सकाळची वेळ असेल तर आदल्या संध्याकाळी पुण्यातील नातेवाइकांकडे मुक्काम करावा. कपडे धुतलेले व इस्त्री केलेले असले म्हणजे झाले. उसन्या कोटात मनुष्य अवघडतो. मुलाखत दूरदृश्य पद्धतीने असेल आणि घर डोंगराच्या कुशीत असेल, तर जेथे संपर्क तुटत नाही अशी महाविद्यालयातील वा ओळखीच्यांची खोली आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ असावी. आपण काय लिहिले हे विसरणारे उमेदवार थोडेथोडके नसतात. आणि विद्यावेतन किती, राहण्याची सोय काय, प्रमाणपत्र केव्हा मिळेल, हे विचारण्यात कमीपणा नाही. दरमहा खोलीभाडे भरावयाचे की घरून जाऊन-येऊन करावयाचे, यावर शेतकरी घराचा सारा बेत अवलंबून असतो. उलट, उमेदवारी देण्यासाठी जो कोणी उमेदवाराकडूनच पैसे मागेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

येथवर उमेदवाराविषयी झाले. पण नभोवाणी ऐकणाऱ्या शहरी कुटुंबांत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणारी मंडळीही पुष्कळ आहेत. कोणी कारखान्यात अधिकारी आहेत, कोणी रुग्णालयात, कोणी हिशेबनिसांच्या कचेरीत. त्यांच्यापुढे येणारा जुन्नरचा मुलगा पहाटे निघून आलेला असतो, आणि पहिली दोन मिनिटे त्याला शब्द सुचत नाहीत. 'स्वतःविषयी सांगा' हा प्रश्न त्या क्षणी सर्वांत कठीण असतो, कारण त्याचे उत्तर म्हणून त्याने पाठ केलेलेच तेवढे त्याच्याजवळ असते. त्याऐवजी अर्जावर बोट ठेवून 'हे तुम्ही कसे केले ते सांगा,' असे म्हटले, तर मुलगा मोकळा होतो आणि परीक्षकालाही हवे ते कळते. अनेक ठिकाणी दहा मिनिटांत माणूस पारखल्याचा अभिमान बाळगतात. त्या दहा मिनिटांत बहुधा पारखला जातो तो शहरी सराव.

आणखी एक गोष्ट. निकाल नकाराचा असला तरी तो आठवड्याच्या आत कळवावा. महाविद्यालयास नाव कळविण्याची मुदत असते, दुसरीकडे अर्ज करावयाचा असतो, आणि घरी कांद्याची लावणी वा टोमॅटोची तोडणी याच मुलाच्या दोन हातांवर थांबलेली असते. एका ओळीच्या निरोपाने त्या घराला पुढचा महिना आखता येतो.