बाराशेचा आकडा कुणी ठरवला?

(वस्त्यांमधल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. एमएसडब्ल्यू करून बारा वर्षं वस्त्यांमधून काम करते आहे. माझं रोजचं काम रेशनकार्डाचं, पोटगीचं, मारहाणीच्या केसेसचं. मी कॅलरीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हे उच्चभ्रू बायकांचं खूळ, आपल्याला काय त्याचं, असं वाटणं साहजिक आहे. पण गेल्या दोन-तीन वर्षांत जवळपास प्रत्येक गटात मला एक तरी बाई भेटते जिच्या मोबाईलमध्ये एक आकडा असतो. बहुतेक वेळा तो १२०० असतो. दिवसाला एवढंच खायचं, शिवाय सकाळी तासभर चालायचं किंवा झुंबाला जायचं.

आमच्या एका गटातल्या वहिनींचं सांगते. वय ३८, उंची १५४ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. चार घरची धुणीभांडी, त्यातली दोन घरं लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. गुडघे दुखायला लागले, डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं. सल्ला चुकीचा नव्हता. मग भाच्यानं मोबाईलवर अ‍ॅप टाकून दिलं. अ‍ॅपनं विचारलं, तुम्ही काम काय करता? भाच्यानं ‘बैठं काम’ असं भरलं. का? तर मामी ऑफिसला जात नाही, घरीच असते आणि ‘चार ठिकाणी जाऊन येते’.

बायकांचं काम मोजलं जात नाही, हे आपण किती वर्षं सांगतो आहोत! सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. पुरुषांची ८८. आपण हे आकडे मोर्चात सांगतो, सभेत सांगतो. पण ते काम न मोजल्यानं एका बाईच्या ताटातली भाकरी कमी होते, हे मी त्या वहिनींच्या घरी पहिल्यांदा पाहिलं.

आता हिशोब करू. फळ्यावर लिहिते, वहीत उतरवून घ्या.

माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी श्वास, हृदय, मेंदू चालू ठेवायला शरीर काही कॅलरी जाळतंच. त्याचा अंदाज काढायचं एक सूत्र १९९० मध्ये आलं. बाईसाठी ते असं: वजनाला १० नं गुणा, उंचीच्या सेंटिमीटरला सव्वासहानं गुणा, दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट आणि वर १६१ वजा करा. वहिनींचं किती येतं? ६८० अधिक ९६२, वजा १९०, वजा १६१. साधारण १२९० कॅलरी. म्हणजे १२०० हा आकडा त्यांनी दिवसभर खाटेवर पडून राहायलासुद्धा पुरणारा नव्हता.

या १२९० ला कामाच्या मानानं गुणायचं असतं. बैठ्या कामाला १.२, मध्यम कष्टाला १.५५. चार घरची कामं मध्यम कष्टात धरली तर रोजचे जवळपास २००० होतात. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेले आकडेही याच्या आसपासच आहेत: ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामासाठी १६६०, मध्यम कष्टासाठी २१३०, जड कष्टासाठी २७२०. सूत्र म्हणजे वेदवाक्य नाही, शे-दोनशेचा फरक सहज पडतो. तरी बघा, गरज २०००, खाणं १२०० आणि वर झुंब्याचे तीनेकशे. रोजची तूट हजाराच्या वर.

दोन महिन्यांत वजन सहा किलो उतरलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मग काटा थांबला, केस गळायला लागले, पाळी दोनदा चुकली आणि एक दिवस जिन्यात चक्कर आली. दवाखान्यात हिमोग्लोबिन ८ निघालं. ते काही दोन महिन्यांत उतरलं नव्हतं, आधीपासूनच कमी असणार. पण डाएट सुरू करताना रक्त तपासायचं कुणाला सुचलंच नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत, हा २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. त्याच पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन जास्त आणि जवळजवळ १९ टक्क्यांचं कमी निघालं. वजन जास्त आणि रक्त कमी हे एकाच बाईत असू शकतं. जाड म्हणजे खाऊनपिऊन सुखी, हा समज आपल्या डोक्यातूनही काढायला हवा.

मग हा १२०० आला कुठून? अमेरिकेत लुलू हंट पीटर्स नावाच्या डॉक्टरबाईंनी १९१८ मध्ये कॅलरी मोजून खाण्यावर एक पुस्तक लिहिलं, ते प्रचंड खपलं. १२०० कॅलरींचा सल्ला त्यात आहे. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि कमी खाणं हे देशकार्यही ठरत होतं. आज डॉक्टर मंडळी १२०० कडे उलट बाजूनं बघतात: बाईनं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय याच्या खाली जाऊ नये. तळाची रेघ होती, ती बाजारानं सगळ्यांचं उद्दिष्ट करून टाकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४–४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा इथं ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग झाला. लढायला नकार दिलेले हे तरुण स्वतःहून त्यात उतरले होते. २४ आठवडे त्यांना रोज साधारण १६०० कॅलरी मिळायच्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागायचं. वजन पावपट उतरलं. पण ते चिडचिडे झाले, खिन्न झाले, सारखी थंडी वाजायची, डोक्यात अन्नाशिवाय विषय नाही. काहीजण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करत बसले. ते मूळचे सडपातळ, धडधाकट पुरुष होते, त्यामुळे आपली आणि त्यांची सरळ तुलना होणार नाही. तरी शास्त्रज्ञांनी त्या खाण्याला अर्धउपासमार म्हटलं होतं. डाएटवरची बाई चिडली की घरचे म्हणतात, हिचा स्वभावच तसा.

म्हणजे आकडा ठरवूच नये का? मी तसं म्हणणार नाही. गुडघे, साखर, रक्तदाब ही दुखणी खरी आहेत. १९९६ मध्ये बंगळुरूच्या विश्वसुंदरी स्पर्धेला आपल्या संघटनांनी विरोध केला, तो योग्यच होता. पण बाजारानं ठरवलेल्या मापाला विरोध करताना ज्या बाईला जिना चढवत नाही तिच्या दुखण्याकडे पाठ फिरवणं मला पटत नाही. आकडा ठरवा, फक्त तो तिच्या कामावरून ठरवा. रोजच्या गरजेतून ३०० ते ५०० कमी, त्याहून जास्त नाही. वहिनींना आता १६०० सांगितलेत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर पुष्कळ झालं. पुढेपुढे वेग मंदावतो, कारण हलक्या शरीराला लागतंही कमी. काटा थांबला म्हणजे बाई चोरून खाते, असं नसतं.

व्यायामाचा हिशोब नीट समजून घ्या, कारण गोंधळ इथंच होतो. तासभर सपाट रस्त्यावर चाललं की ६५ किलोच्या बाईच्या बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या दीडशेच्या आसपास कॅलरी जळतात. दोन चमचे तेल आणि दोन चमचे साखर एवढंच ते. मनगटावरची पट्टी काहीही आकडा दाखवते. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सात पट्ट्या तपासल्या, तर कॅलरीच्या बाबतीत त्यातली सगळ्यात बरी पट्टीही २७ टक्क्यांनी चुकली. म्हणून पट्टीवर ४०० दिसले म्हणून ४०० जास्त खाऊ नका. आणि कामाला १.५५ नं गुणताना व्यायाम त्यातच धरला असेल, तर तो पुन्हा वेगळा मिळवू नका. मग व्यायाम कशाला? स्नायू टिकावेत म्हणून, साखर आवरावी म्हणून, झोप लागावी म्हणून. आणि खरं सांगू, पहाटे घराबाहेर पडायला एक हक्काचं कारण मिळतं म्हणूनही. कष्टाचं काम करणाऱ्या बाईला अजून तासभर उड्या मारायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा भिंतीला हात टेकून, खुर्चीवरून उठबस करून ताकदीचे व्यायाम केले तर गुडघ्यांना जास्त फायदा.

आता कमी कुठून करायचं? बाई पहिली कात्री स्वतःच्या ताटाला लावते, तीही भाजी-डाळीला. चहा-बिस्किटावर दुपार काढते आणि रात्री पोरांचं उरलेलं संपवते. उपासाच्या दिवशी साबुदाणा, म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी. त्यापेक्षा तेलाचा डबा बघा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी झाल्या. तेच तीन लिटरवर आणलं की प्रत्येकाचे रोज १३० च्या वर वाचतात. नवऱ्याचेही, आणि पैसेही. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, या २४० कॅलरी. साखर निम्मी केली की आणखी १२० गेल्या. भाकरीला हातही न लावता अडीचशे कमी झाल्या. डाळ, अंडं, मूठभर शेंगदाणे, ताक हे मात्र कमी करायचं नाही. बाईला रोज ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात आणि वाटीभर वरणातून जेमतेम सहा-सात मिळतात.

काहीजणींनी हे मुळीच करायचं नाही. गरोदर बाईला रोज ३५० कॅलरी जास्त लागतात, अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने ६००. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी केलं तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच साखर-पाणी द्या. पाळी चुकली तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग डॉक्टर. व्यायाम वाढला आणि खाणं तुटपुंजं राहिलं तर शरीर पाळी थांबवतं आणि हाडंही ठिसूळ होतात. धावपटू मुलींमध्ये हे नीट अभ्यासलं गेलं आहे.

पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गटाकडे एक मोजपट्टी ठेवा. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर लक्ष द्यायचं, एवढं पुरे. वजन महिन्यातून एकदाच, आणि आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा नाही. त्याआधी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात तपासून घ्या. फॉर्ममध्ये ‘काम’ या रकान्यात काय लिहायचं ते तिला स्वतःला विचारा, भाच्याला नको. जेवणानंतर बसू तेव्हा ज्यांना आपला आकडा काढायचा आहे त्यांनी उंची, वजन, वय आणि दिवसभरातली सगळी कामं लिहून आणा. पाणी भरणंसुद्धा.