टेलचं पाणी



अध्यक्षानं भाषणाची पहिली पाच मिनिटं आभारांत घालवायची असतात. मी ती वाचवतो, पुढं लागणार आहेत.

काही वर्षांपूर्वी ओपीडीत एक जोडपं आलं. ते एसटीतून निवृत्त झालेले वाहक, बाईंना जुना दमा. वाहकांचं निदान मी आधीच सांगून ठेवलं होतं: फुप्फुसांचा फायब्रोसिस. पाठीवर खाली स्टेथोस्कोप टेकवला की चपलेचा वेल्क्रो सोडवल्यासारखा आवाज, बोटांची टोकं फुगलेली, सीटीवर मधमाश्यांचं पोळं. पिरफेनिडोन वाढवत मी दिवसाला ९ गोळ्यांवर आणलं होतं. जेवण नकोसं झालं होतं, आणि उन्हात दहा मिनिटं गेले की मान लालभडक व्हायची. त्यांनी बाईंच्या पिशवीतला पंप काढला आणि माझ्या टेबलावर उभा ठेवला. म्हणाले, "साहेब, हिनं दोनदा ओढला की हिला पाच मिनिटांत मोकळं वाटतं. माझाही आजार छातीचाच ना? मग माझं औषध पोटातनं का?"

पंपाची सवय लागत नाही, औषध थेट छातीत जातं, बाकीच्या अंगाला त्रास नाही, हे मी त्या बाईंना कित्येकदा समजावलं होतं. माझंच वाक्य त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. त्या दिवशी मी जे उत्तर दिलं ते गुळमुळीत होतं. आज जरा नीट देतो.

दमा नळ्यांचा आजार. नळीपर्यंत औषध पोचलं की काम झालं. फायब्रोसिसचा वण नळीत नसतो, वायुकोशांच्या भिंतींत असतो. आणि आपल्या नेहमीच्या आयपीएफमध्ये, म्हणजे कारण न सापडणाऱ्या फायब्रोसिसमध्ये, तो सुरू होतो तळाशी आणि कडेला, फुप्फुसावरणाला लागून. तुमच्यापैकी जे कालव्याच्या लाभक्षेत्रातले आहेत त्यांना 'टेल' हा शब्द सांगायला नको. आवर्तन सुटतं, वरच्या अंगाचे मळे भिजतात आणि टेलचा शेतकरी कोरड्या चारीकडं बघत बसतो. वण पडलेलं फुप्फुस कडक असतं, ताणलं जात नाही, म्हणून तिथं हवा कमी जाते. ओढलेलं औषध हवेबरोबर जातं. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी वाटा. त्यात थेंबाचं माप. साधारण १ ते ५ मायक्रॉनचा कण खोलवर उतरतो. त्याहून मोठा घशात चिकटतो आणि बरेचसे बारीक कण उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतात. म्हणून या उपचारांच्या चाचणीत औषध, यंत्र आणि रुग्णाचा श्वास ही तिन्ही एकदम तपासली जातात. एक फसलं की तिन्ही फसतात, आणि दोष कुणाचा ते कळत नाही.

उंदरांबद्दल फार बोलत नाही. प्रयोगात ब्लिओमायसिन देऊन पाडलेला उंदराचा वण पुष्कळदा आपोआप भरून येतो. आमच्या वाहकसाहेबांचा येत नाही.

पिरफेनिडोनचीच गोष्ट घ्या. पाश्चात्त्य देशांत त्याचा पूर्ण डोस दिवसाला २४०३ मिलिग्रॅम. तेच औषध वाफेनं द्यायचं म्हणून एपी०१ नावानं ९१ रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली, २०२३ साली 'थोरॅक्स'मध्ये छापून आली. तिथला मोठा डोस होता १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. त्या गटात फुप्फुसांची क्षमता जवळपास टिकली आणि पोटाचा, कातडीचा त्रास कमी राहिला. वाचून मीही हुरळलो होतो. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना औषधच होतं, प्लासिबो नव्हताच. अशा निकालावर पुढची चाचणी उभारावी. प्रिस्क्रिप्शन लिहू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिच्यात आपली चूक होती. फायब्रोसिसमध्ये फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, तो उतरवायला रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या. रिओसिग्वाटची चाचणी २०१६ साली मधेच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. गोळी रक्तातून सगळीकडं जाते, हवा नसलेल्या भागातल्या रक्तवाहिन्याही उघडते, आणि रक्त तिथून ऑक्सिजन न घेताच परत फिरू शकतं. मग ट्रेप्रोस्टिनिल ओढायला दिलं. ते हवा जाते तिथंच पोचतं आणि तिथल्याच वाहिन्या उघडतं. आत्ता ज्याला मी अडचण म्हटलं, तीच इथं सोय झाली! २०२१ च्या 'इन्क्रीज' चाचणीत ३२६ रुग्ण होते. १६ आठवड्यांनी सहा मिनिटांच्या चालण्यात औषधाचा गट प्लासिबोपेक्षा ३१ मीटर पुढं होता.

पण खरा धागा निघाला दुसरीकडूनच. त्या चाचणीत स्पायरोमेट्री ठेवली होती ती सुरक्षेसाठी, म्हणजे औषध ओढून फुप्फुस बिघडत तर नाही ना एवढं बघायला. बिघडणं राहिलं बाजूला, एफव्हीसीचे, म्हणजे फुप्फुसांच्या क्षमतेचे, आकडे औषधाच्या बाजूनं झुकलेले निघाले. राखणीला बसवलेल्या माणसानंच मोट धरली म्हणायची. त्यावरून आयपीएफसाठी 'टेटॉन' चाचण्या आखल्या गेल्या. दुसऱ्या 'टेटॉन'मध्ये ५९७ रुग्ण, ५२ आठवडे. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात दोन गटांतला एफव्हीसीचा फरक ९५.६ मिलिलिटर निघाला, म्हणजे कटिंग चहाचा एक ग्लास. हसू नका. निंटेडॅनिब या औषधाच्या २०१४ च्या चाचण्यांत प्लासिबो गटांनी वर्षाला सुमारे २०७ ते २४० मिलिलिटर गमावले होते. त्या हिशेबात एक ग्लास वाचणं थोडं नाही.

तरी शंका घ्यायला जागा आहे. हे औषध ओढलं की खोकला येतो. खोकणाऱ्या रुग्णाला आपल्या नळीत काय आहे याचा अंदाज येणारच, आणि आपल्यालाही. शिवाय एफव्हीसी हा आकडा माणसाच्या जोरावर निघतो. पीएफटीच्या खोलीतली आमची तंत्रज्ञ "फुंका, फुंका, अजून, सोडू नका" म्हणून ओरडत असते, आणि तिचा घसा बसलेल्या दिवशी आकडे उतरतात असं मला वर्षानुवर्षं वाटत आलंय. हे शास्त्र नव्हे, पण तिच्या खुर्चीत बसून बघा.

आता फसलेल्यांकडं. गॅलेक्टिन-३ रोखणारी जीबी०१३९ ही भुकटी मोठ्या आशेनं ओढायला दिली, २०२३ साली ५२ आठवड्यांच्या चाचणीत ती हरली. आणि जपानमधून २०२१ साली आलेला निकाल मला सर्वांत जास्त टोचतो. पिरफेनिडोनच्या जोडीला एन-ॲसिटिलसिस्टीनची वाफ दिलेल्या रुग्णांची क्षमता नुसत्या पिरफेनिडोनवाल्यांपेक्षा जास्त घटली. ही वाफ आपण सगळे लिहितो. मीही लिहायचो, नातेवाईक म्हणाले म्हणून, हाताशी दुसरं काही नाही म्हणून, 'वाफच तर आहे, काय होणार' म्हणून. त्याच भोळेपणानं मी एकेकाळी प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिनही लिहीत होतो. २०१२ च्या 'पँथर' चाचणीनं ते मृत्यू वाढवतं हे दाखवलं तेव्हा थांबलो. ते घेणाऱ्यांतले किती जण माझ्या हातून गेले, हा हिशेब मी केलेला नाही. करता येणारही नाही.

आपल्याकडच्या रुग्णांबद्दल बोललो नाही तर हे भाषण उसनं ठरेल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयएलडी, म्हणजे फुप्फुसाच्या भिंतींच्या आजारांच्या, नोंदणीत १०८४ रुग्ण होते. त्यांत आयपीएफ १३.७ टक्के आणि हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस ४७.३ टक्के, संपर्काच्या कारणांत सर्वांत पुढं हवेचे कूलर. कबुतरांमुळंही हा आजार होतो, आणि इकडं मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घालायची की फाडायची यावर २०२५ मध्ये रस्त्यावर भांडणं झाली. ओढायच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या मुख्यतः आयपीएफवर होतात आणि आपल्या दारात उभा राहतो तो कूलरचा नाहीतर कबुतरांचा रुग्ण. त्याचा वण नुसता तळाशी नसतो, वर-मधे कुठंही असतो, नळ्यांभोवतीही असतो. त्याचा टेल वेगळा आहे. तिकडचा आकडा त्याला लावायचा असेल तर चाचणी इथं व्हायला हवी, मेच्या उन्हात, भारनियमनात, नळाच्या पाण्यानं धुतलेल्या यंत्रासकट.

आणि संमतिपत्र मराठीतलं हवं, रुग्णाच्या मराठीतलं. मी एकदा अर्धा तास प्लासिबो समजावून सांगितला. शेवटी मुलगी म्हणाली, "म्हणजे दादांना वर्षभर रिकामी वाफ मिळू शकते?" हो, मिळू शकते. गोळ्या चालू राहतील, पण वाफ रिकामी असू शकते. त्या घरानं दोन दिवस मागितले आणि नाही म्हणून कळवलं. आमच्या फाइलमध्ये त्याची नोंद 'नकार' एवढीच झाली.

ट्रेप्रोस्टिनिलचा पूर्ण डोस दिवसातून चार वेळा १२ श्वास, म्हणजे ४८. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी एक नेब्युलायझर ठेवायला सांगितलाय, आत नुसतं सलाईन आहे आणि मुखनळ्या प्रत्येकाला वेगळ्या आहेत. खोल ओढायचं, न खोकता, ओळीनं १२. मी काल रात्री करून बघितलं, सातव्याला खोकलो. चहा त्यानंतर घ्या.