घाम, घामोळे आणि गजकर्ण

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावर चितेगाव लागते. शेतीवर जगणाऱ्या या गावाच्या परिसरात गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले आणि कारखान्यांबरोबर कामगारांची वस्तीही वाढली. वैशाखात येथील पारा चाळीस अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली यंत्रापाशी उभा असलेला पुरुष, शेगडीपाशी भाकऱ्या भाजणारी गृहिणी आणि दुपट्यात गुंडाळलेले तान्हे मूल, हे तिघेही या दिवसांत अंगाच्या खाजेने बेजार होतात. जी गत चितेगावची तीच पुण्यामुंबईच्या माडीवरील बिऱ्हाडाची.

श्रोतेहो, असे एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. मुलाच्या मानेवर आणि पाठीवर तांबड्या पुटकुळ्यांचे पीक आले आहे. वडिलांच्या जांघेत तांबूस चट्टा उठला असून रात्री त्याची खाज झोप मोडते. आईच्या कमरेवर, परकराची नाडी जेथे आवळली जाते तेथे, काळसर पट्टा पडला आहे. तिघांचेही निदान घरातच होते : ‘घामाने झाले आहे.’ कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून खाजेच्या मलमाची एक नळी येते आणि तिघांनाही तेच मलम लावले जाते. दोन दिवसांत खाज थांबते. सगळ्यांना हायसे वाटते. पुढे मृगाचा पाऊस पडतो, हवा दमट होते, आणि जांघेतला चट्टा परत येतो. तोही पूर्वीच्या दुप्पट होऊन. कमरेवरचा पट्टा पोटापर्यंत सरकतो. मूल मात्र केव्हाच बरे झालेले असते.

एकाच औषधाने एकाचे काही बिघडले नाही आणि दोघांचे दुखणे चिघळले, असे का व्हावे? या प्रश्नाच्या उत्तरातच घामाच्या पुरळाचे सारे मर्म आहे.

प्रथम घामाचा विचार करू. मनुष्याच्या त्वचेत घामाच्या सुमारे वीस ते चाळीस लक्ष ग्रंथी असतात. प्रत्येक ग्रंथीपासून एक बारीक नळी वळसे घेत त्वचेच्या पृष्ठभागावर उघडते. शरीर थंड ठेवणे हे या योजनेचे मुख्य कार्य होय. एक लिटर घाम अंगावर वाळून गेला की तो आपल्याबरोबर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. येथे ‘वाळणे’ हा शब्द ध्यानी ठेवावा. नुसता निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरास थंडावा देत नाही. म्हणूनच कोरड्या हवेतील चाळीस अंश जितके सोसतात, तितके दमट हवेतील पस्तीस अंश सोसत नाहीत.

घाम वाळला नाही म्हणजे त्वचा सतत ओली राहते. ओल्या त्वचेचा वरचा थर फुगतो आणि नळ्यांची तोंडे बुजतात. आतून घाम येतच राहतो. त्याला वाट न मिळाल्याने तो त्वचेतच झिरपतो. यालाच घामोळे म्हणतात. नळी अगदी वरच्या थरात बुजली तर दवबिंदूंसारख्या स्वच्छ पुटकुळ्या उठतात. त्यांना खाज नसते आणि त्या सहज फुटून जातात. नळी थोडी खोल बुजली तर तांबडे, टोचणारे, चुणचुणणारे घामोळे होते. हाच प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. वारंवार घामोळे आले तर नळी आणखी खोल बुजते आणि त्वचेच्या रंगाचे, न खाजणारे कठीण पुरळ उठते.

हा शेवटचा प्रकार दिसण्यात सौम्य, परंतु परिणामी अधिक गंभीर होय. कारण ज्या भागातील नळ्या बुजल्या तो भाग पुरळ गेल्यावरही काही आठवडे घाम बाहेर टाकू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांतील सैनिकांमध्ये ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. अंगाचा मोठा भाग घामोळ्याने व्यापलेले जवान उन्हात काम करताना थकून जात, त्यांना धाप लागे, भोवळ येई. सबब ज्याच्या पाठीवर व छातीवर दाट घामोळे आहे अशा कामगाराने भर दुपारी जड काम करणे धोक्याचे होय. त्याला उष्माघात लवकर गाठू शकतो.

घामोळ्यावरचा उपाय औषधाच्या दुकानात कमी आणि घराच्या व्यवस्थेत अधिक आहे. त्वचा गार आणि कोरडी ठेवणे हा त्याचा सारांश. दिवसातून दोन वेळा गार पाण्याने स्नान करावे, साबण बेताचा वापरावा, अंग न घासता टिपून घ्यावे. कपडे सुती, सैल आणि पातळ असावेत. दिवसातील काही तास तरी वारा खेळत्या जागी, पंख्याखाली घालवावे. खाज फार असल्यास कॅलामाइनचा लेप लावावा. मराठवाड्यात घरोघरी वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्यांचे कूलर असतात. त्यांच्याविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दारे-खिडक्या बंद करून कूलर चालविला तर खोलीतील हवा दमट होत जाते आणि घाम वाळेनासा होतो. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी हवीच.

तान्ह्या मुलांच्या घामाच्या नळ्या अपक्व असतात, म्हणून त्यांना घामोळे लवकर येते. उन्हाळ्यात त्यांना टोपडे, मोजे आणि दुपट्यांत लपेटणे ही माया नव्हे. दाट तेल अंगात मुरवून तसेच ठेवल्यानेही नळ्या बुजतात. मालीश करावयाचीच तर नंतर स्नान घालून तेल काढावे. पावडरीचे थर घामाने थापून बसतात आणि घड्यांत घासतात. शिवाय तिची धूळ बालकाच्या श्वासाबरोबर आत जाते, म्हणून ती टाळलेलीच बरी. एवढी काळजी घेतल्यास साधे घामोळे बहुधा काही दिवसांत मावळते. कल्पनेतील त्या घरातले मूल बरे झाले ते मलमामुळे नव्हे. पाऊस पडून उकाडा कमी झाला आणि दुपटे दूर झाले म्हणून. पुटकुळ्यांत पू झाला, ताप आला किंवा मूल दूध पिईनासे झाले, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे.

आता वडिलांच्या जांघेकडे आणि आईच्या कमरेकडे वळू. तेथील दुखणे घामोळे नव्हतेच. ते गजकर्ण होते. ग्रामीण भागात त्यास नायटा असेही म्हणतात. हा रोग बुरशीमुळे होतो. ही बुरशी त्वचेच्या मृत थरातील केराटिन या द्रव्यावर जगते आणि तिला ओल व ऊब लागते. घाम हे या रोगाचे कारण नव्हे, तो त्याला अनुकूल भूमी तयार करून देतो. बी पडल्यावाचून भूमीत काही उगवत नाही. आणि हे बी एका माणसाच्या त्वचेपासून दुसऱ्याच्या त्वचेस, तसेच सामाईक पंचा, चादर व कपडे यांतून मिळते. इंग्रजी अमदानीत साहेबलोकांनी जांघेच्या या खाजेस ‘धोबी इच’ असे नाव देऊन सारा दोष बिचाऱ्या धोब्यावर ढकलला. वास्तविक स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळविलेला कपडा हाच या रोगाचा वैरी होय.

दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. घामोळे एकाएकी येते, त्यात सुट्या सुट्या बारीक पुटकुळ्या असतात, ते मान, पाठ, छाती यांवर पसरते आणि हवा गार झाली की ओसरते. गजकर्णाचा चट्टा हळूहळू वाढतो. त्याची कड उठावदार, तांबूस आणि खवलेयुक्त असते, मधला भाग त्या मानाने निवळलेला दिसतो, आणि आकार कड्यासारखा वाटोळा होतो. जांघ, काख, कंबर आणि कुल्ले या त्याच्या आवडत्या जागा. शंका असल्यास डॉक्टर चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून, तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि बुरशीचे धागे त्यात दिसतात.

आणखी दोन दुखणी घामावर ढकलली जातात. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व बेंबीभोवती पुरळ असून खाज रात्री वाढत असेल आणि घरातील इतरांनाही ती होत असेल, तर ती खरूज समजावी. तिचे औषध घरातील सर्वांनी एकाच वेळी घ्यावे लागते. श्रमाने अंग तापताच बारीक गांधी उठून तासाभरात मावळत असतील, तर तो पित्ताच्या गांधींचाच एक प्रकार होय.

आता त्या नळीचा विचार. अशा मिश्र मलमांत बहुधा बुरशीनाशक, जंतुनाशक आणि त्यांच्या जोडीला एखादे तीव्र स्टेरॉइड असते. स्टेरॉइडची मलमे १९५२ साली प्रथम त्वचारोगांवर उपयोगात आली आणि इसबासारख्या दुखण्यांत त्यांनी मोठेच कार्य केले. दाह शमविणे हा त्यांचा गुण. परंतु दाह म्हणजे शरीराने बुरशीविरुद्ध चालविलेली लढाई. ती थांबविली की खाज थांबते, तांबडेपणा जातो, आणि पहारेकरी निजलेल्या वाड्यात चोर निर्धास्त हिंडावा तशी बुरशी पसरत राहते. गजकर्णाचे नेहमीचे कडे पुसट होते, चट्ट्यात चट्टे उठतात आणि जाणत्या डॉक्टरांचीही दिशाभूल होते. १९६८ साली इंग्लंडमधील दोन वैद्यांनी या प्रकारास ‘वेषांतरित गजकर्ण’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. शिवाय जांघेतील त्वचा मुळातच पातळ असते. तीव्र स्टेरॉइडने ती आणखी विरते आणि तेथे ताणाचे पांढरट-जांभळे वण पडतात. ते वण जन्मभर जात नाहीत.

एका घरातील चूक लक्षावधी घरांत घडली म्हणजे तिचे स्वरूप पालटते. गेल्या दशकात भारतभर गजकर्णाचा जो हट्टी, औषधास दाद न देणारा फैलाव झाला, त्यास अशा मलमांचा गैरवापर हे एक मोठे कारण असल्याचे भारतीय त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. त्यांच्या अखिल भारतीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध मोहीम चालविली. २०१८ साली केंद्र सरकारने पुष्कळशी स्टेरॉइड-मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत अशा यादीत घातली. २०२० साली जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या एका बुरशीस ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई’ असे नाव दिले. टर्बिनाफिन हे औषध या बुरशीच्या पुष्कळ वाणांवर चालत नाही. एका रोगाच्या नावात आपल्या देशाचे नाव असे गोवले जावे, ही भूषणाची गोष्ट नव्हे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. गजकर्ण बरे होते. त्यास धीर मात्र हवा. बुरशीनाशक मलम चट्ट्यावरच नव्हे, तर त्याच्या कडेबाहेर दोन बोटे जागेवरही लावावे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही निदान दोन आठवडे चालू ठेवावे. दुखणे पसरलेले असल्यास पोटात घेण्याचे औषध लागते. ते कोणते, किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवावे. पूर्वी दोन-चार आठवड्यांत आटोपणाऱ्या उपचारास आता पुष्कळदा दोन महिने लागतात. गर्भवती स्त्रियांनी व यकृताचा विकार असणाऱ्यांनी ती गोष्ट डॉक्टरांना आधी सांगावी. वारंवार उलटणाऱ्या रोगात रक्तातील साखर तपासून घेणे इष्ट. स्टेरॉइडचे मलम बंद करताच काही दिवस खाज उसळते. त्या मोहाच्या क्षणी पुन्हा ती नळी हाती घेऊ नये.

घराची शिस्त औषधाइतकीच महत्त्वाची. प्रत्येकाचा पंचा निराळा असावा. आतले कपडे रोज बदलावेत, रुग्णाचे कपडे वेगळे भिजवून कढत पाण्यात धुवावेत, उलटे करून उन्हात वाळवावेत आणि इस्त्री करताना शिवणींवरून विशेष फिरवावी. पावसाळ्यात दमट राहिलेला कपडा अंगावर चढवू नये. स्त्रियांनी परकराची नाडी सैल बांधावी व तिची जागा रोज थोडी बदलावी. रुंद पट्टा लावला तर अधिक चांगले. आणि घरात ज्या-ज्या व्यक्तीस चट्टा असेल, तिने एकाच वेळी उपचार घ्यावा. नवऱ्याने औषध घेतले आणि बायकोने लाजेपायी दुखणे लपविले, तर दोघेही बरे होत नाहीत. जांघेची खाज सांगताना संकोच वाटतो हे खरे; परंतु या संकोचावरच त्या मलमाचा खप चालतो.

कल्पनेतील त्या कुटुंबापाशी परत येऊ. मुलाचे दुपटे दूर करून खिडकी उघडली असती, तर त्याला मलम लागलेच नसते. आईवडिलांनी एकत्र जाऊन सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागात एकदा दाखविले असते, तर मृगापूर्वीच सुटका झाली असती. पैठणच्या रस्त्यावर ऊन तापणार, घाम येणार; तो आला पाहिजे, कारण त्यावाचून शरीर निवणार नाही. पण अंगावर उठलेला प्रत्येक चट्टा घामाच्या माथी मारण्यापूर्वी तो सुटा आहे की वाटोळा, ओसरतो आहे की पसरतो आहे, एवढे तरी नीट पाहावे. आणि खाज थांबली म्हणजे रोग गेला, असे केव्हाही समजू नये.