वाल्दोक्कोची पडवी

(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या तरुणमंडळाचें जुनें सभागृह पाडावें कीं राखावें, याविषयीं गेले कांहीं महिने पुष्कळ वाद झाला. माझें मत सांगण्यापूर्वीं मी आपणांस इटलींतील तुरीन शहरीं नेऊं इच्छितों.

संत जॉन बॉस्को १८४१ सालीं धर्मगुरू झाले, तेव्हां गवंडीकाम करणारीं, धुराडीं झाडणारीं पोरें खेड्यापाड्यांतून त्या शहरांत येत. रविवारीं त्यांना जावयास जागा नसे. त्यांना घेऊन जॉन बॉस्को जागोजाग फिरले. पण गलबल्यामुळें कोठेंच थारा मिळेना. एका कुरणाच्या मालकांनीं तर गवत तुडविलें जातें म्हणून निघावयास सांगितलें. शेवटीं वाल्दोक्को भागांत पिनार्दी नांवाच्या गृहस्थाच्या घराची पडवी भाड्यानें मिळाली. ती इतकी ठेंगणी, कीं जमीन खणून खोल करावी लागली! १२ एप्रिल १८४६ रोजीं, पुनरुत्थानाच्या सणीं, तेथें मिस्सा झाली.

त्या घराच्या गवताच्या माळ्यावर कांहीं बेघर मुलांना एकदां निजूं दिलें, तों सकाळीं मुलेंहि नाहींत आणि चादरी-घोंगड्याहि नाहींत. तरी पुढें १८४७ सालीं, मे महिन्यांत, एक पोरका गवंडी मुलगा पावसांत भिजून दाराशीं आला, तेव्हां जॉन बॉस्को यांच्या मातोश्री मार्गारीता यांनीं त्याला चुलीपाशीं बसवून जेवूं घातलें. पुन्हां चोरी होईल, ही भीति त्या माउलीनें बोलून दाखविली. पण विटांवर फळ्या टाकून त्याचें अंथरूण तिनेंच केलें. निजण्यापूर्वीं त्याला दोन बोधाचे शब्द सांगितले. सालेशियन संस्थांतील रात्रीच्या उपदेशाची चाल तेथून पडली, असें मानतात. मग स्वयंपाकघराला कुलूप घातलें. होय, कुलूप तिनेंहि घातलें; पण मुलाला आंत घेऊन.

ती पडवी आज नाहीं. जॉन बॉस्को यांनीं तें घर १८५१ सालीं विकत घेतलें आणि १८५६ सालीं, मुलांना जागा पुरेना म्हणून, स्वतःच पाडून मोठें बांधलें. पडवीच्या जागीं आतां प्रार्थनामंदिर आहे. शेतांच्या कडेचें वाल्दोक्को आतां भर शहरांत आलें आहे, आणि २०२० सालापासून तेथें संग्रहालयहि आहे. मुलें मात्र अजून अंगणांत खेळतात.

आतां आपलें. दोन वर्षांपूर्वीं सभागृहांतून दोन दिवे आणि कॅरमच्या सोंगट्या नाहींशा झाल्या. दुसऱ्याच दिवशीं मीं कुलूप लाविलें. कोणीं सांगितलें नव्हतें. तो माझाच निर्णय, आणि तो चुकला. तेव्हांपासून तें दार केवळ लग्नसमारंभांसाठीं उघडतें, आणि आपलीं मुलें नाक्यावर उभीं असतात. भिंतींचा निकाल इंजिनिअर देतील. पण पाडावयाचें ठरलें, तर बांधकाम चालूं असतां मुलें रविवारीं कोठें बसतील, तें आधीं ठरवा. तें ठरेपर्यंत पाडण्याच्या कागदावर मी सही करणार नाहीं.

कुलूप आज सकाळीं काढलें आहे. संध्याकाळीं तेथें बसावयास दोन वडील माणसें हवीं आहेत. सभा संपल्यावर मला भेटावें. सोंगट्या मीं नव्या आणिल्या आहेत.