जठरव्रण : समज आणि उपाय
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कर्जत-खालापूर भागातील आपल्या घरांतून पोटाच्या दुखण्यास सरसकट ‘पित्त’ म्हणण्याची रीत आहे. पहाटेची गाडी गाठणारा चाकरमानी असो वा लावणीत दिवसभर वाकणारी गृहिणी असो, घोटभर दूध घेऊन वेळ मारून नेली जाते. दुधाने क्षणभर बरे वाटते. मागाहून आम्ल अधिकच पाझरते.

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या अस्तरास पडलेली जखम म्हणजे व्रण. पूर्वी याचा दोष तिखटास व काळजीस दिला जाई. परंतु ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८२ साली जठरातील ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जंतू प्रयोगशाळेत वाढविला. वैद्यकविश्वास ते पटेना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला व जठरदाह ओढवून घेतला. २००५ साली उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले. तिखटाने जळजळ वाढेल. व्रणाचे मूळ मात्र बहुधा हा जंतू असतो.

दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. कंबर दुखली की दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅक रोज घेतल्यास जठराचे संरक्षक आवरण दुबळे होते. हृदयविकारासाठी दिलेली ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये, वैद्यांस विचारावे. तंबाखू व धूम्रपान यांनी व्रण भरण्यास विलंब लागतो.

जंतूची परीक्षा श्वासावरून, मलावरून वा दुर्बिणीने होते. तो आढळल्यास आम्ल कमी करणारे औषध व प्रतिजैविके बहुधा १४ दिवस घ्यावी लागतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडू नयेत. उरलेला जंतू औषधास दाद देईनासा होतो. औषधे संपल्यावर निदान चार आठवड्यांनी फेरतपासणी करावी.

डांबरासारखा काळा शौच, रक्ताची वांती, किंवा पोटात एकाएकी असह्य कळ, यांपैकी काही झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रात्र आहे, पाऊस आहे, म्हणून सकाळची वाट पाहू नये.

आपल्या घरची कर्ती स्त्री सर्वांच्या शेवटी जेवते आणि आपले दुखणेही शेवटीच सांगते. तिला आज घरी जाऊन आपणच विचारावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.