बंटी डॉक्टर आहे, पण अजून नाही

आज कोडिंगचं काही नाही. आज माझ्या मावसभावाबद्दल बोलणार आहे. त्याला विचारूनच बोलतेय, फक्त नाव बदललंय. बंटी म्हणूया.

मी आणि बंटी एकाच वर्षी बारावी झालो, २०१६ ला, लातूरला. आठवत असेल तुम्हाला, त्या वर्षी नीट की सीईटी हा घोळ मे महिना उजाडला तरी मिटला नव्हता. शेवटी केंद्राने अध्यादेश काढून राज्याच्या जागा सीईटीवर भरू दिल्या. बंटीचा सरकारी नंबर थोडक्यात हुकला. खासगीची फी मावशीला झेपणारी नव्हती. मग एक एजंट आला, आणि सप्टेंबरमध्ये बंटी युक्रेनला, खारकिवला गेला. त्यासाठी अडीच एकरातलं एक एकर गेलं. मी पुण्यात बीटेकला.

२०२० ला मी नोकरीला लागले. आज मी टीम लीड आहे. आणि बंटी इंटर्न आहे. अजून.

आता हे का, ते सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तो शेवटच्या वर्षाला होता. चार रात्री मेट्रो स्टेशनात काढल्या, मग रेल्वेने ल्विव, तिथून पोलंड, आणि ऑपरेशन गंगाच्या विमानाने दिल्ली. उरलेले महिने ऑनलाइन. जूनमध्ये पदवी मिळाली. म्हणजे वॉर्डात जे शिकायचं ते यूट्यूबसारखं पाहून शिकला. हे त्याचंच वाक्य आहे हं.

बाहेरून एमबीबीएस करून आलेल्यांना इथे एफएमजीई द्यावी लागते. २००२ पासून आहे ही परीक्षा. ३०० प्रश्न, पास व्हायला १५० बरोबर, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं ना? बंटीला जानेवारी २०२३ च्या फेरीत १४१ मिळाले. पुढची फेरी जुलैत झाली. तिला २४ हजारांवर मुलं बसली आणि पास झाली अडीच हजारांच्या आत. दहातला एक. त्यात बंटी होता.

मला वाटलं, सुटला. मावशीने पेढे वाटले. पण खरी रांग त्याच्या पुढे होती.

खेड-शिवापूरला तुम्ही कधी अडकला असालच. रस्ता कितीही रुंद केला तरी गाडी शेवटी टोलच्या खिडकीतूनच जाणार. आमच्या बॅकएंडमध्येही हेच असतं, सगळी सिस्टिम त्या एका मंद भागाच्या वेगाने चालते. आणि लोक नेहमी भलत्याच जागी सर्व्हर वाढवतात. डॉक्टर घडवण्यात ती खिडकी म्हणजे इंटर्नशिप. रुग्ण, खाट, आणि शेजारी उभा राहून चूक दाखवणारा सिनिअर.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं २०२२ चं परिपत्रक आहे. एखाद्या कॉलेजने परदेशातून आलेल्यांना इंटर्न म्हणून घ्यायचं ते मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच. १५० जागांच्या कॉलेजात किती? अकरा. आणि ज्यांचं शेवटचं शिक्षण युद्धामुळे घरून झालं, त्यांना एक नाही, दोन वर्षं इंटर्नशिप. बंटीला जागा मिळाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. म्हणजे पास झाल्यावर सहा महिने घरी. कॉलेजचं नाव घेत नाही, पण पहिले पाच महिने स्टायपेंडही आला नाही, आणि नियमात तो इतरांइतकाच द्यायचा आहे.

मला राग आला होता. म्हटलं, देशात डॉक्टर नाहीत म्हणून ओरड, आणि पास झालेल्याला घरी बसवता? बंटीच मला म्हणाला, "अगं, पण दोन वर्षं हवीच होती मला." तिकडे शिकवणं इंग्रजीत, पण पेशंट रशियन किंवा युक्रेनियन बोलणारे. हा मागे उभा. इथे पहिल्या दिवशी ओपीडीत एक आजी म्हणाल्या, अंगात कसकस आहे आणि पोटात कळ येते. बंटी घरी हे शब्द ऐकतच मोठा झालेला. पण त्यावरून पुढचा प्रश्न काय विचारायचा, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. सलाइनची सुई तिसऱ्या खेपेला लागली. आजी म्हणाल्या, "टोच बाळा, शिकशील." तीनशे गुणांच्या परीक्षेत हे येत नाही.

म्हणून परीक्षा काढून टाका असं मी म्हणणार नाही. पूर्वी म्हणायचे. उलट २०१९ च्या कायद्यात सगळ्यांना एकच नेक्स्ट परीक्षा ठेवली आहे, इथल्यांना आणि बाहेरच्यांना, ती अजून सुरूच झालेली नाही. ती व्हावी.

माझं म्हणणं वेगळं आहे. २०१४ ला देशात एमबीबीएसच्या ५१ हजार जागा होत्या, आता १ लाख १५ हजारांच्या वर आहेत. सरकार सांगतं ८११ लोकांमागे एक डॉक्टर, अर्थात त्यात आयुषवाले धरून. पण बंटीच्या गावाजवळच्या ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर आहे आणि भूलतज्ज्ञ नाही. सिझर असेल तर लातूर गाठा. २०२१-२२ च्या केंद्राच्याच आकडेवारीत ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये तज्ज्ञांची कमतरता सुमारे ८० टक्के आहे. जागा वाढवणं म्हणजे रस्ता रुंद करणं. नियमाप्रमाणे १०० जागांना ४२० खाटा लागतात, पण त्या खाटांशेजारी शिकवणारा माणूस लागतो, आणि तो एका बजेटमध्ये तयार होत नाही. जिल्हा रुग्णालयात पेशंट भरपूर आहेत. तिथे शिकवणारे नेमा, पगार द्या, आणि पास झालेल्या पोरांना तिथे रांगेविना पाठवा. खिडक्या वाढवा.

२०२५ ची नीट-पीजी ३ ऑगस्टला झाली. तिच्यासाठी इंटर्नशिप ३१ जुलैपर्यंत संपायला हवी होती. बंटीची संपते पुढच्या फेब्रुवारीत. त्याला भूलशास्त्रच करायचंय. म्हणजे अजून एक वर्ष, मग तीन वर्षं.

तुमच्या घरात कुणी बाहेर जायचा विचार करत असेल तर एजंटला हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा. कोर्स किमान ५४ महिन्यांचा आहे का? त्यानंतर तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप आहे का? पूर्ण शिक्षण इंग्रजीतून आहे का? त्या देशात प्रॅक्टिसचं लायसन्स मिळतं का? नोव्हेंबर २०२१ पासून हे सगळं लागतं, आणि नीट पास तर २०१८ पासूनच. बंटीच्या वेळी एजंटने फक्त होस्टेलचे फोटो दाखवले होते.

पुढच्या भागात बंटी स्वतः येतोय, नाइट ड्यूटी नसली तर. प्रश्न असतील तर पाठवा. भेटू.