औषधाची चूक : शेवटचा हात आणि त्याआधीचे हात



अतिदक्षता विभागात औषधाची चूक झाली, की पहिला संशय परिचारिकेवर जातो. कारण औषध देणारा शेवटचा हात तिचा असतो. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले, ते या समजुतीस छेद देणारे आहे. मेंदूतील वा डोळ्यातील दाब उतरावा म्हणून काही रुग्णांना ग्लिसरॉल दिले जात होते. रुग्ण योग्य, औषधाचे नाव योग्य. परंतु त्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. मूत्रपिंडे निकामी होऊन १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी मग खाटेपाशी थांबली नाही. ती खरेदी, तपासणी आणि परवाने यांच्या दप्तरापर्यंत गेली.

पांढुर्णा-सौंसरकरांना ही हकीकत दूरची वाटू नये. २०२३ पर्यंत हे दोन्ही तालुके ज्या छिंदवाडा जिल्ह्यात होते, तेथे परासिया व आसपासच्या भागात २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके गेली. विष तेच. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का, तपासणीत आढळले ४८.६ टक्के. कित्येकांना उपचारासाठी नागपूर गाठावे लागले. मधल्या एकोणचाळीस वर्षांत दप्तर काय शिकले, हा प्रश्न कटू असला तरी विचारलाच पाहिजे.

अर्थात खाटेपाशीही चुका होतात. तेथील रुग्ण पुष्कळदा शुद्धीवर नसतो. ‘हे औषध माझे नव्हे’ असे तो सांगू शकत नाही. दशांशचिन्ह निसटले की मात्रा दसपट होते. इन्सुलिनच्या आकड्यापुढील इंग्रजी ‘यू’ शून्य म्हणून वाचला गेला तरी तेच. (अनुस्वाराच्या टिंबावरून वाद घालणाऱ्या भाषापंडितांनी या टिंबाची किंमत पाहावी!) म्हणून पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण वॉर्डात हाताशी ठेवू नये, जोखमीचे औषध दोघांनी स्वतंत्रपणे पडताळावे, असे दंडक आहेत. पण एकाच परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असेल, तर पडताळणीसाठी दुसरी आणावी कोठून?

राहिला घरच्यांचा हात. सौंसरहून रातोरात नागपूरला निघताना पैसे, कपडे, डबा सारे आठवते. चालू गोळ्यांची चिठ्ठी मात्र फडताळात राहते. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत होता, हे तेथील डॉक्टरांना कळावे कसे? ती चिठ्ठी, आणि ती न सापडल्यास गोळ्यांची रिकामी पाकिटे, पिशवीत सर्वांआधी पडली पाहिजेत.